फ्रीझरचं दार चिकटतं तेव्हा

(शेती कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



शेतीच्या कार्यक्रमात फ्रीझरचं दार कुठून आलं, असं तुमच्यापैकी काहीजण म्हणतील. भात, वाल, म्हशी आणि भाजीपाला सोडून हे साहेब आज घरातल्या डब्याकडे कसे वळले? पण थोडं थांबा. भिवंडी तालुक्यात वडप्याच्या आसपास फिरताना गेल्या काही वर्षांत मी एक गोष्ट पाहतो आहे. पूर्वी ओटीवर भाताची कणगी असायची, तिथे आता पांढरा, आडवा, झाकणाचा फ्रीझर उभा आहे. मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामं झाली, घरातली मुलं तिथे कामाला लागली, हातात चार पैसे आले आणि घरात फ्रीझर आला. त्यात काय असतं? म्हशीच्या दुधाचा खवा, मे महिन्यातला आमरस, सोललेले ओले वाल, खवलेला नारळ, खाडीची मासळी, घरच्या कोंबड्या. म्हणजे तो शेतमालच झाला की. गटारीच्या आदल्या दिवशी तर तो फ्रीझर गच्च भरलेला असतो आणि नेमका त्याच दिवशी दार उघडत नाही.

दार उघडलं नाही की माणूस काय करतो? आधी दोन्ही हातांनी ओढतो. मग एक पाय फ्रीझरला लावून ओढतो. मग कोणीतरी कोयता आणतं. आजचं माझं बोलणं या कोयत्याबद्दलच आहे. चिकटलेलं दार ही फार मोठी बिघाडी नसते, पाच-दहा मिनिटांत आणि गरम पाण्यात ती बहुतेक वेळा सुटते. पण ते उचकटताना जे होतं ते मात्र महागात पडतं आणि कधीकधी जिवावरही बेततं.

मी काही फ्रिजचा मेकॅनिक नाही, शेती खात्यातला माणूस आहे. पण हवा, ओल आणि थंडी यांचा खेळ आमच्या विषयातलाच आहे. कोठीतल्या भाताला बुरशी का येते आणि फ्रीझरचं दार का चिकटतं, या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी ओलसर हवाच असते.

दार नेमकं कधी चिकटतं ते आधी पाहा

डॉक्टर आधी विचारतो, ताप केव्हा येतो, सकाळी की संध्याकाळी? तसंच इथे विचारायचं. दार नुकतंच लावलं आणि लगेच पुन्हा उघडायला गेलं तर उघडत नाही, पण दोन-चार मिनिटांनी आपोआप सैल होतं, असं आहे का? मग तुमच्या फ्रीझरला काहीही झालेलं नाही. उलट दाराचं रबर चांगलं घट्ट बसतं आहे, याची ती खूण आहे.

असं का होतं ते सांगतो. आपण दार उघडतो तेव्हा बाहेरची ३०-३२ अंशांची गरम, दमट हवा आत शिरते. दार लागल्याबरोबर ती हवा उणे १८ अंशांच्या थंडीत सापडते. थंड झाली की हवा आकसते. शिवाय हवेतली वाफ गोठून भिंतीला चिकटते, म्हणजे तेवढी हवा आणखी कमी होते. आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा दाराला आत दाबून धरते. हा जोर किती असतो त्याचा हिशोब करून बघा. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो आहे. दार ५० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद धरलं तर त्याचं क्षेत्रफळ २००० चौरस सेंटिमीटर झालं. आतला दाब शंभरात फक्त एका भागाने उतरला, तरी दारावर २० किलोचं ओझं बसल्यासारखं होतं. अर्ध्या पोत्याच्या जवळपासचं ओझं आणि तेही नुसत्या हवेचं!

ही ओढ टिकत मात्र नाही. रबराच्या बारीक फटीतून हवा हळूहळू आत जाते आणि दार सैल होतं. काही फ्रीझरना तर हवा आत घेण्यासाठी एक लहानशी झडप मुद्दाम ठेवलेली असते. तुमच्या फ्रीझरला ती असेल तर तिच्यात धूळ किंवा बर्फ बसू देऊ नका. आपल्या भागातल्या गोदामांत जी शीतगृहं आहेत, तिथे काम करणाऱ्या मुलांना विचारा. गोठवणाच्या मोठ्या खोल्यांच्या भिंतीत हवेच्या दाबासाठी अशी झडप बसवतात आणि ती गोठू नये म्हणून तिला विजेची ऊब देतात. दाराच्या चौकटीतही गरम होणारी तार फिरवलेली असते. एवढ्या मोठ्या खोलीला जे लागतं, त्याचंच लहान रूप आपल्या घरात आहे.

तेव्हा अशा दाराला औषध एकच, थांबायचं. वहिनी, मासळी काढली आणि वाटी आत राहिली, असं झालं तर तीन-चार मिनिटं दुसरं काम करा. फारच घाई असेल तर बिजागरीच्या समोरच्या बाजूला, कोपऱ्यातलं रबर बोटाने अलगद बाजूला करा. फुस्स असा बारीक आवाज येईल, हवा आत जाईल आणि दार सुटेल. मुठीला झटके देऊ नका. मूठ प्लास्टिकची असते, ती तुटते, आणि मग दार धरायला काहीच उरत नाही.

केव्हाही उघडा, दार चिकटतंच

दुसरा प्रकार असा, की दार रात्रभर बंद होतं, सकाळी उघडताना चर्र असा आवाज येतो आणि रबर थोडं ताणून मग सुटतं. बोट फिरवून पाहिलं तर रबर चिकट लागतं. हा मळाचा प्रकार आहे. दुधाचा ओघळ, आमरसाचा थेंब, मटणाच्या पिशवीतलं लाल पाणी, हे सगळं रबराच्या घड्यांत जाऊन बसतं. आमरसातली साखर सुकली की डिंकासारखी काम करते. लहान मुलं कुल्फी काढतात तेव्हा तिचे ओघळ तर हमखास तिथेच जातात. महामार्गालगतच्या घरांत ट्रकची बारीक धूळही त्यावर बसते आणि त्याचा चांगला लगदा होतो.

यावर उपाय सोपा आहे. कोमट पाण्यात थोडा साबण किंवा चमचाभर खाण्याचा सोडा घाला. मऊ फडकं त्यात बुडवून, पिळून रबर पुसा. घड्यांमधला मळ काढायला दात घासायचा जुना ब्रश चांगला. रबर ज्या पत्र्यावर टेकतं तो पत्राही पुसायला विसरू नका, बरेच लोक नुसतं रबर पुसतात आणि अर्धा मळ पत्र्यावरच राहतो. नंतर साध्या पाण्याचं फडकं, त्यानंतर कोरडं फडकं. रबर पूर्ण सुकल्याशिवाय दार लावायचं नाही, कारण राहिलेलं पाणी तिथेच गोठेल आणि दार पुन्हा चिकटेल. शेवटी पेट्रोलियम जेलीचं अगदी पुसट बोट रबरावर फिरवा. बोटाला जेमतेम लागेल इतकंच. लेप द्यायचा नाही.

खोबरेल किंवा गोडं तेल मात्र लावू नका. ते थोड्या दिवसांनी चिकट होतं, खवट होतं आणि मुंग्या, झुरळं जमतात. रॉकेल, डिझेल, पंपाचं ग्रीस यांनी तर रबर फुगतं आणि मऊ पडतं. पंपाला जे चालतं ते इथे चालत नाही.

कडेला बर्फ दिसतो का?

आता खरा आजार. रबराच्या कडेला, दाराच्या चौकटीवर बर्फाची रेघ दिसते आणि दार त्या बर्फातच रुतलेलं असतं. असं दार ज्या अर्थी उघडत नाही, त्या अर्थी ते नीट लागतही नाही. कुठेतरी फट आहे. त्या फटीतून ओलसर हवा सतत आत येते, तिच्यातलं पाणी फटीपाशीच गोठतं आणि दाराला पकडून ठेवतं. दार घट्ट झालंय असं आपल्याला वाटतं, खरं तर ते सैल पडलेलं असतं.

आपल्याकडे जून ते सप्टेंबरात हे जास्त होतं. पावसाळ्यातल्या दमट हवेत दर घनमीटरला २५ ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात असतं. २०० लिटरच्या फ्रीझरमधली हवा एकदा पूर्ण बदलली, तर जवळजवळ ५ ग्रॅम पाणी आत गेलं. दिवसातून वीस वेळा दार उघडलं, तर १०० ग्रॅम. महिन्याचे झाले ३ किलो! आडव्या फ्रीझरमध्ये थंड हवा जड असल्याने खाली बसून राहते, म्हणून प्रत्यक्षात एवढं पाणी जात नाही. उभ्या दाराच्या फ्रीझरमधून मात्र थंड हवा पायावर ओतल्यासारखी बाहेर पडते, ती तुम्हालाही जाणवत असेल. आणि ही झाली दार उघडण्याची गोष्ट. फट असेल तर दार न उघडताही रात्रंदिवस ओल आत येत राहते. कॉम्प्रेसर थांबत नाही, विजेचं बिल वाढतं, आणि एवढं करून मासळी मऊच.

फट शोधायची कशी? वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी घ्या, किंवा दहा रुपयांची नोट घ्या. ती चौकटीवर अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि हळूच ओढा. नोट अडली पाहिजे. सहज सुटून आली तर तिथे रबर टेकत नाही. चारही बाजूंनी, दर वीतभर अंतरावर हे करा. कोपरे आणि बिजागरीकडची बाजू तर नक्कीच तपासा, बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. दुसरी रीत रात्रीची. बॅटरी पेटवून आत ठेवा, दार लावा, घरातला दिवा मालवा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथे फट.

फटीची कारणं आपल्या घरांत ठरलेली असतात. प्लास्टिकच्या पिशवीचं टोक रबराखाली अडकलेलं असतं, हे सगळ्यात जास्त. गच्च भरलेल्या फ्रीझरचं झाकण आतल्या डब्यावर टेकून एका बाजूने उचललेलं राहतं. जमीन उंचसखल असली की सांगाडा किंचित पिळला जातो आणि दार एका कोपऱ्यात टेकत नाही. गवंड्याची पाणसळ असेल तर तिने पाहा, नाहीतर काठोकाठ पाणी भरलेली परात वर ठेवा, कुठल्या बाजूला सांडतं ते कळेल. आडवा फ्रीझर चारही बाजूंनी सपाट असावा. उभ्या फ्रीझरचे पुढचे पाय मात्र जरासे उंच ठेवावेत, म्हणजे दार आपल्या वजनाने मागे झुकून लागतं. आणि उंदीर! भात झोडून घरात आला की त्यामागोमाग उंदीर येतात, आणि फ्रीझरच्या खालच्या कडेचं रबर त्यांना फार आवडतं. कुरतडलेलं रबर धुऊन, पुसून दुरुस्त होत नाही. ते बदलावंच लागतं.

रबर नुसतं दबलं किंवा वाकडं झालं असेल, तर ते सरळ करता येतं. गरम पाण्यात फडकं बुडवून, पिळून त्या जागी धरा. रबर मऊ झालं की बोटांनी बाहेरच्या बाजूला ओढून आकार द्या, पुसा आणि दार बंद करून रात्रभर राहू द्या. रबराच्या आत चुंबकाची पट्टी असते, तीच दाराला ओढून धरते. पट्टी तुटली नसेल तर हा इलाज बरेचदा लागू पडतो.

बर्फ कसा काढावा

बर्फाचा थर ५-६ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच झाला की तो काढायचा. बोटभर होईपर्यंत वाट पाहू नका. जाड थर म्हणजे थंडीवर घातलेली गोधडीच, ती गारवा मालापर्यंत पोहोचू देत नाही.

प्रथम पायात चप्पल घाला, हात कोरडे करा आणि बटण बंद करून प्लग काढा. माल बाहेर काढून मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत भरा. पेटी नसेल तर पाटीत भाताचा पेंढा किंवा तूस जाड पसरून त्यावर प्लास्टिकमध्ये बांधलेला माल एकमेकाला चिकटून ठेवा आणि वरून गोणपाट टाका. तूस थंडी धरून ठेवतो, बर्फवाल्यांना हे कधीपासून माहीत आहे. मग आत पाट किंवा जाड फडकं ठेवून त्यावर गरम पाण्याचं पातेलं ठेवा आणि झाकण लावा. वीस मिनिटांत थर सुटायला लागतो. पाणी थंड झालं की बदला. सुटलेले पापुद्रे हाताने किंवा लाकडी उलथन्याने काढा.

दारच बर्फात रुतलं असेल आणि उघडतच नसेल, तर प्लग काढून गरम पाण्यात पिळलेलं फडकं सांध्यावरून फिरवत राहा. दहा-पंधरा मिनिटं लागतील. उकळतं पाणी ओतू नका, काच असेल तर तडकेल आणि पाणी विजेच्या भागात शिरेल. मीठही टाकू नका. बर्फ लवकर वितळतो हे खरं, पण मिठाने पत्रा गंजतो.

कोयता का नको

आता ज्यासाठी एवढं सांगितलं ते. वडप्याजवळच्या एका घरी मी गेलो होतो, काम होतं म्हशींच्या चाऱ्याचं. ओटीवर फ्रीझर उघडा पडलेला, आत नुसतं पाणी. घरातले काका म्हणाले, "साहेब, बर्फ फार झाला होता, दार निघेना. फटीत कोयत्याचं टोक घातलं, दार निघालं. मग तसाच आतला बर्फही फोडला. फुस्स झालं आणि त्यानंतर थंडच होईना." मेकॅनिकने जो आकडा सांगितला त्यात त्यांना दुसरा जुना फ्रीझर आला असता.

फुस्स झालं ते काय होतं? आपल्याला जी आतली भिंत दिसते, तिच्या लगेच मागे, कित्येक फ्रीझरमध्ये तर तिच्या अंगातच, गॅसच्या नळ्या असतात. त्या ॲल्युमिनियमच्या, पातळ असतात. बर्फावर मारलेला घाव बर्फ फोडून थेट त्या नळीत जातो. गॅस गेला की फ्रीझर मेला. पूर्वीच्या फ्रीझरमधला गॅस पेटत नसे. आता नवीन घरगुती फ्रीझरमध्ये बहुधा आयसोब्युटेन असतो, मागच्या पाटीवर ‘आर ६०० ए’ असं लिहिलेलं असतं. हा आपल्या चुलीच्या गॅसचा सख्खा भाऊ. तो फार नसतो, पण हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि ठिणगीने पेटतो. म्हणून कधी असा फुस्स आवाज आलाच, तर प्लगला किंवा बटणाला हात लावू नका, कारण तिथेच ठिणगी पडते. चूल, समई, उदबत्ती काही पेटलेलं असेल तर विझवा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. मीटर बाहेर असेल तर तिथून वीज बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा.

दुसरी गोष्ट विजेची. पावसाळ्यात ओली जमीन, अनवाणी पाय, आणि दोन्ही हातांनी पत्र्याची कड धरून ओढणारा माणूस. फ्रीझरच्या अंगात वीज उतरलेली असेल, तर याहून वाईट अवस्था नाही. अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते साधं समजू नका. घरचं मुख्य बटण बंद करा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटात घालण्याची खोड काही घरांत आहे, ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचा गळती-स्विच बसवून घेतला तर फारच उत्तम. म्हशीच्या गोठ्यातल्या पंपालाही त्याचा उपयोग होतो. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालायचं असतं, हेही बरेचजण विसरतात.

दार उघडं राहिलं तर माल ठेवावा की टाकावा?

रात्री दार अर्धवट राहिलं, सकाळी कळलं. अशा वेळी मालाला हात लावून पाहा. आत अजून बर्फाचे कण करकरत असतील किंवा माल फ्रिजमधल्याइतका थंडगार असेल, तर तो पुन्हा गोठवता येतो. चवीत थोडा फरक पडेल. मासळी, मटण, कोंबडी, दूध, खवा हे कोमट होऊन दोन तासांच्या वर गेलं असेल तर ठेवू नका. वास येत नाही म्हणून चालेल, असं म्हणू नका. वास येण्याच्या आधीच माल बिघडलेला असतो. वीज गेली आणि दार घट्ट बंद ठेवलं, तर भरलेला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत आणि अर्धा भरलेला दिवसभर टिकतो, असं पुस्तकात लिहितात. आपल्या पत्र्याच्या घरात मे महिन्यात एवढा भरवसा धरू नये. पण मुख्य गोष्ट तीच, वीज गेल्यावर पुन्हा पुन्हा उघडून बघायचं नाही.

जनावरांच्या लशीबद्दलही जाता जाता सांगतो. लाळ-खुरकूत आणि घटसर्पाची लस फ्रीझरमध्ये कधीही ठेवायची नाही. ती २ ते ८ अंशांत ठेवायची, म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. गोठलेली लस पुन्हा पातळ झाली तरी निकामी असते आणि ती टोचल्याचं समाधान फक्त आपल्याला, म्हशीला नाही.

कुलूप, मुलं आणि जुना फ्रीझर

काही घरांत मी पाहिलं की दार नीट लागत नाही म्हणून, किंवा येणाराजाणारा उघडतो म्हणून, फ्रीझरला बाहेरून कडीकोयंडा ठोकलेला आहे. हे दोन कारणांनी करू नका. पहिलं म्हणजे गरम गॅसच्या नळ्या पुष्कळ फ्रीझरमध्ये बाहेरच्या पत्र्याच्या आतून आणि दाराच्या चौकटीतून फिरवलेल्या असतात. चौकटीला हात लावला तर किंचित उबदार लागते ना? तो बिघाड नव्हे, तिथे ओल धरू नये म्हणून केलेली ती सोय आहे. तिथे ड्रिल मारलं की नळीला भोक पडलंच.

दुसरं कारण मुलांचं. लपंडाव खेळताना मूल आडव्या फ्रीझरमध्ये जाऊन बसतं. बाहेरची कडी पडली की आतून ते उघडू शकत नाही, आणि रबर घट्ट असल्याने आवाजही बाहेर येत नाही. ही नुसती भीती नव्हे. अमेरिकेत जुन्या, खटक्याच्या दारांच्या फ्रिजमध्ये कोंडून मुलं दगावली, म्हणून तिथे १९५६ साली कायदा झाला की घरगुती फ्रिजचं दार आतून ढकलून उघडता आलं पाहिजे. खटका जाऊन चुंबकाच्या रबराची दारं सर्रास झाली, त्यामागे हे मोठं कारण आहे. म्हणजे ज्या रबराची आज आपण तक्रार करतो आहोत, ते मुलांच्या जिवासाठी आलेलं आहे. त्यावर आपणच पुन्हा कडी ठोकायची, हे काही बरोबर नाही. तरीही आडव्या फ्रीझरचं जड झाकण लहान मुलाला आतून उचलेलच असं धरून चालू नका. ज्या फ्रीझरला कंपनीचंच कुलूप आहे, त्याची चावी झाकणाला लटकवून न ठेवता मुलांच्या हाताला लागणार नाही अशा खुंटीवर ठेवा.

रबर बदलायची वेळ आली, तर दुकानात जाण्याआधी मागच्या पाटीवरचा मॉडेल नंबर कागदावर उतरून घ्या, जुन्या रबराची लांबी-रुंदी मोजा, आणि रबर खाचेत दाबून बसवलेलं आहे की स्क्रूने, ते पाहून घ्या. नवीन रबर घडी करून येतं. ते बसवण्यापूर्वी गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा, घड्या निघून जातील. हॉटेलचा किंवा आईस्क्रीमच्या दुकानातला जुना फ्रीझर घेणार असाल, तर नोटेची परीक्षा तिथेच करा, पैसे देण्याच्या आधी.

आणि फ्रीझर कायमचा बंद पडला, तर आपण तो सहसा टाकत नाही. पेंड, भुसा, म्हशींचा खुराक त्यात ठेवतो, कारण उंदीर शिरत नाहीत. कल्पना चांगली आहे. पण असा फ्रीझर गोठ्यात न्यायच्या आधी मेकॅनिककडून उरलेला गॅस काढून घ्या, वायर कापून टाका, आणि झाकणाच्या बिजागऱ्या काढून झाकण नुसतं वर ठेवायचं करा. झाकण बिजागरीवरच हवं असेल, तर कुलपाचा खटका काढून टाका, कडेचं रबर सोलून काढा आणि झाकण पूर्ण मिटू नये म्हणून चौकटीच्या दोन कोपऱ्यांवर बोटभर जाडीचे लाकडी ठोकळे पक्के बसवा. उरलेल्या फटीला आतून बारीक तारेची जाळी लावा, म्हणजे हवा जाईल आणि उंदीर जाणार नाही.